अंगात त्राण नाही म्हणणारा रुग्ण आणि पोटॅशियम: सीमाभागातील नव्या डॉक्टर-परिचारिकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडी भागातल्या एखाद्या लहान रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक तक्रार पहिल्या आठवड्यापासून रोज ऐकावी लागते. मराठी रुग्ण म्हणतो, "अंगात त्राणच नाही." कन्नड रुग्ण म्हणतो, "सुस्त आगेती." दोघांचीही पुढची मागणी बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे सलाईन लावण्याची. यांपैकी बहुसंख्य लोकांचे पोटॅशियम व्यवस्थित असते. त्यांच्या थकव्याचे कारण कमी रक्त, वाढलेली साखर, थायरॉईड, जागरण किंवा उसाच्या फडातले अतिश्रम यांत सापडते. मात्र ज्या थोड्यांचे पोटॅशियम खरोखरच उतरलेले असते, त्यांना "अशक्तपणा आहे, एक ग्लुकोजची बाटली लावू" असे म्हणून केलेला उपचार थेट अपाय करतो, कारण ग्लुकोजमुळे शरीरात इन्सुलिन स्रवते आणि ते इन्सुलिन रक्तात उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत ढकलते. सकाळी चालत आलेला रुग्ण बाटली संपेपर्यंत खाटेवरून उठू शकत नाही, असे यामुळेच घडते.

हा लेख प्रौढ रुग्णांपुरता आहे. मुलांच्या मात्रा वजनावर ठरतात आणि त्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्याव्यात. येथे दिलेले आकडे प्रचलित वैद्यकीय पद्धतीप्रमाणे आहेत. तरीही आपल्या रुग्णालयाचा लेखी नियम असल्यास तो प्रमाण मानावा आणि शंका येताच वरिष्ठांना फोन करावा.

आकड्याचा अर्थ

शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ते साधारण 3000 एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजण्याचे एकक) भरते आणि पेशींबाहेर त्यातले जेमतेम साठ एमईक्यू असते. आपण तपासतो ते हे बाहेरचे. म्हणजे दारातल्या सुपात किती दाणे आहेत ते पाहून कणगीतल्या धान्याचा अंदाज बांधण्यासारखाच हा प्रकार आहे. रक्तातली सामान्य पातळी 3.5 ते 5.0 एमईक्यू प्रति लिटर असते. 3.0 ते 3.5 ही सौम्य, 2.5 ते 3.0 ही मध्यम आणि 2.5 च्या खाली गेलेली ती तीव्र कमतरता समजली जाते.

जुलाब, उलट्या किंवा लघवीवाटे पोटॅशियम खरोखर गेले असेल, तर रक्तातला आकडा एकने उतरेपर्यंत शरीरातून साधारण 200 ते 400 एमईक्यू गेलेले असते. तेवढे एका दिवसात परत भरता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. याउलट, कधी कधी शरीरातून काहीही गेलेले नसते, बाहेरचे पोटॅशियम फक्त पेशींच्या आत सरकलेले असते. अशा रुग्णाला कमतरता भरून काढण्याच्या हिशेबाने पोटॅशियम दिले, तर काही तासांनी आतले बाहेर येते आणि पातळी धोकादायकरीत्या वर जाते. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे पोटॅशियम गेले आहे की लपले आहे?

पहिली पायरी: संशय कोणावर घ्यावा

संशय घ्यायचा तो तक्रारीवरून कमी आणि पूर्वेतिहासावरून जास्त. रुग्णाची औषधांची पिशवी मागवून घ्यावी आणि टेबलावर रिकामी करावी. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, बेळगाव अशा तीन-चार ठिकाणच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत सापडणे हे आपल्या भागात नवल नाही, आणि दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहिलेले असणे हेही नाही. रक्तदाबाच्या गोळीतला क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हा घटक पोटॅशियम कमी करतो. तो अनेकदा टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असल्यामुळे नावावरून कळत नाही, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. पायावरची सूज उतरवण्यासाठी दिलेली "पाण्याची गोळी", म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, हे दुसरे नेहमीचे कारण. यांशिवाय स्टेरॉइड, अॅमिकॅसिनची इंजेक्शने, अॅम्फोटेरिसिन, पोट साफ करण्याची रोज घेतली जाणारी चूर्णे आणि दीर्घकाळ घेतलेला ज्येष्ठमधाचा काढा यांचीही चौकशी करावी. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. "औषध काही घेत नाही हो" असे सांगणारा माणूस काढ्याला औषध मानत नाही, म्हणून काढ्याबद्दल वेगळे विचारावे लागते.

औषधांखालोखाल जुलाब आणि उलट्या. सौंदत्तीच्या यात्रेहून परतलेला, दोन दिवस हगवण लागलेला रुग्ण पाहिला की आपले लक्ष पाण्याच्या कमतरतेकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाणी भरून निघाल्यावरही त्याचे पाय लटपटत असतील आणि पोट फुगलेले असेल, तर पोटॅशियम तपासावे. दारू पिणाऱ्या आणि अनेक दिवस जेवण न घेतलेल्या रुग्णात पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियमही उतरलेले असते. दम्याच्या रुग्णाला सालब्युटामॉलचे नेब्युलायझर एकामागून एक दिले, किंवा वाढलेल्या साखरेसाठी इन्सुलिन सुरू केले, की काही तासांत पातळी घसरते. ही कारणे आपल्याच हातची असल्याने सहज विसरली जातात.

उसाच्या फडात काम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा गावात लगेच "केळी खा" असा सल्ला मिळतो. घामातून पोटॅशियम फारसे जात नाही, जाते ते मुख्यतः पाणी आणि मीठ. अशा मजुराला सावली, पाणी आणि ओआरएस देणे अधिक उपयोगाचे. त्याला उलट्या-जुलाब झालेले नसतील, तर केवळ पेटक्यांवरून पोटॅशियमचे निदान करू नये.

दुसरी पायरी: रुग्णाला हात लावून तपासणे

कमतरता सौम्य असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पातळी आणखी उतरली की थकवा, पायात गोळे, बद्धकोष्ठ, पोट फुगणे, छातीत धडधड आणि वारंवार लघवी अशा तक्रारी येतात. 2.5 च्या खाली स्नायूंची ताकद जाऊ लागते. ती आधी मांड्यांतून जाते. रुग्ण जमिनीवरून उठताना हाताचा आधार घेतो, जिन्याची पायरी चढू शकत नाही, पण पायाची बोटे हलवतो. त्याला उकिडवे बसवून उठायला सांगावे. एवढी साधी चाचणी अनेकदा अहवालाच्या आधी उत्तर देऊन जाते. पुढे ताकद खांद्यांतून जाते, मग मानेतून आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंतून. स्नायू फार काळ उपाशी राहिले तर ते फुटू लागतात आणि लघवी चहासारखी गडद होते.

दोन्ही पाय गळालेला तरुण दारात येतो, तेव्हा घरचे "वारं गेलं" असे सांगतात आणि कित्येकदा लकव्याचे औषध देणाऱ्याकडे जाऊन आलेले असतात. अर्धांगवायूत शरीराची एक बाजू जाते, तर पोटॅशियमच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्याच दुबळ्या होतात. शुद्ध पूर्ण असते, स्पर्श कळतो, लघवीवरचा ताबा सुटत नाही आणि गुडघ्याचे प्रतिक्षिप्त झटके मंद झालेले असतात. लघवी तुंबली असेल किंवा ठरावीक पातळीखाली स्पर्शच कळत नसेल, तर दोष मज्जारज्जूत शोधावा. दुबळेपणा तीन-चार दिवसांत पायांकडून हळूहळू वर चढत गेला असेल आणि झटके पूर्ण नाहीसे झाले असतील, तर गियाँ-बारे या नसांच्या विकाराचा विचार करावा.

खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या रानालगत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे हातपाय गळालेल्या अवस्थेत सापडला, तर त्याच्या पापण्या पाहाव्यात. मण्यारीच्या दंशाची जागा अनेकदा दिसत नाही, सूज नसते, वेदनाही नसते. पोटात दुखणे आणि उलट्या मात्र असू शकतात. मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, एकाची दोन दिसतात, गिळता येत नाही. पोटॅशियमच्या कमतरतेत डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंना सहसा धक्का लागत नाही. पापणी खाली आली असेल, तर पोटॅशियमच्या अहवालाची वाट न पाहता सर्पदंशाचा उपचार आणि श्वासाची तयारी सुरू करावी.

श्वासाचा अंदाज घेण्यासाठी रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगावे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला जसे सोपे जाईल तसे. निरोगी माणूस सहज तिसाच्या आसपास जातो. पंधरापर्यंतही पोहोचत नसेल, किंवा उशीवरून मान उचलता येत नसेल, तर त्याचा ऑक्सिजनचा आकडा 98 दिसत असला तरी तो रुग्ण लहान रुग्णालयात ठेवण्यासारखा नाही. ऑक्सिजनचा आकडा सर्वांत शेवटी पडतो.

तिसरी पायरी: ईसीजी

इलेक्ट्रोलाइट तपासणीचे यंत्र प्रत्येक ठिकाणी नसते, ईसीजी मात्र बहुतेक ठिकाणी निघतो. पोटॅशियम उतरले की टी लहर चपटी होते, एसटी भाग खाली झुकतो आणि टी लहरीनंतर यू नावाची एक जादा लहर उमटते. ही यू लहर छातीवरच्या व्ही 2 आणि व्ही 3 या लीडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. टी आणि यू एकमेकांत मिसळल्या की क्यूटी अंतर लांबल्यासारखे वाटते. मधूनमधून जादा ठोके पडू लागले, तर धोका वाढला असे समजावे. ईसीजी सामान्य असला म्हणून पातळी सामान्य आहे असे मात्र ठरत नाही.

डिगॉक्सिन घेणारे रुग्ण वेगळे मोजावेत. झडपांच्या जुन्या आजारासाठी डिगॉक्सिन आणि सोबत फ्युरोसेमाइड अशी जोडी घेणाऱ्यात पातळी थोडी उतरली तरी डिगॉक्सिनची विषबाधा होते. अशा रुग्णांत, आणि एकंदर हृदयरोग्यांत, पोटॅशियम 4.0 च्या वर ठेवावे.

चौथी पायरी: नमुना नीट घेणे

चुकीच्या नमुन्याइतकी फसवणूक दुसरे काही करत नाही. दंडाला पट्टा करकचून आवळून रुग्णाला मूठ उघड-झाक करायला लावली, तर त्या हातातल्या रक्ताचे पोटॅशियम वाढते. रक्तपेशी फुटल्या तर आतले पोटॅशियम बाहेर येते आणि खरी कमतरता झाकली जाते. खेड्यातून खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीच्या डिकीत हिंदकळत आलेल्या नमुन्याबाबत हे नेहमी होते. सिरम लालसर दिसत असेल आणि अहवाल "3.6, सामान्य" आला असेल, तर त्यावर विसंबू नये. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. पांढऱ्या पेशी अतिशय वाढलेल्या असतील आणि नमुना उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिला असेल, तर त्या पेशी नळीतच पोटॅशियम शोषतात आणि नसलेली कमतरता दिसते. शक्य तिथे सिरम वेगळे करूनच पाठवावे आणि चिठ्ठीवर रक्त घेतल्याची वेळ लिहावी.

पोटॅशियमबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), साखर, सोडियम आणि मिळत असल्यास मॅग्नेशियम व बायकार्बोनेट तपासावे. क्रिएटिनिनचा अहवाल पाहिल्याशिवाय पोटॅशियमचा मोठा डोस ठरवू नये.

पाचवी पायरी: तोंडाने देता येते का ते पाहणे

नव्या डॉक्टरांचा हात आधी इंजेक्शनकडे जातो. माझ्या मते हीच सवय सर्वांत आधी मोडली पाहिजे. रुग्ण गिळू शकत असेल, उलट्या होत नसतील, आतड्यांची हालचाल चालू असेल, ईसीजीत धोकादायक बदल नसतील आणि श्वास चांगला असेल, तर पोटॅशियम क्लोराइडचे सिरप हाच मुख्य उपचार. ते पुरेसे लवकर शोषले जाते आणि त्यात अपघाताची शक्यता फार कमी असते.

आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या सिरपच्या 15 मिलिलिटरमध्ये 20 एमईक्यू पोटॅशियम असते, तरी बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचावा. सौम्य कमतरतेत 15 मिलिलिटर दिवसातून दोन ते तीन वेळा पुरते. मध्यम कमतरतेत एका वेळी 30 मिलिलिटरपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा देतात आणि दुसऱ्याच दिवशी रक्त पुन्हा तपासतात. सिरप कधीही नुसते पाजू नये. पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्यायला सांगावे. अन्यथा पोटात आग पडते, उलटी होते आणि रुग्ण बाटली कोपऱ्यात ठेवून देतो. चव इतकी वाईट असते की तोंड वाकडे न करणारा रुग्ण मी अजून पाहिलेला नाही. लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबतात मिसळले तर निभते. मधुमेह्याच्या सरबतात साखर घालू नये, एवढे घरच्यांना बजावावे. हळूहळू विरघळणाऱ्या 600 मिलिग्रॅमच्या गोळीत 8 एमईक्यू असते. ती चावू किंवा कुटू नये आणि भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी.

नारळपाणी, केळी, रताळी, पालेभाज्या आणि हुलग्यांसारखी कडधान्ये ही पूरक म्हणून उत्तमच. पण मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण 10 एमईक्यू पोटॅशियम असते, म्हणजे सिरपच्या एका मात्रेसाठी दोन केळी झाली. शिवाय अन्नातले पोटॅशियम बहुतांशी क्लोराइडच्या रूपात नसते आणि उलट्या किंवा पाण्याच्या गोळ्यांमुळे झालेल्या कमतरतेत शरीराला क्लोराइडही हवे असते. म्हणून 2.8 आलेल्या रुग्णाला फळांच्या भरवशावर घरी पाठवू नये. जुलाबाच्या रुग्णाला मात्र ओआरएस अवश्य द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्याच्या एका लिटरमध्ये 20 एमईक्यू पोटॅशियम असते, तर रिंगर लॅक्टेटच्या लिटरभरात फक्त 4.

सहावी पायरी: शिरेतून द्यावेच लागले तर

पातळी 2.5 च्या खाली, स्नायूंची ताकद गेलेली, ईसीजीत बदल, किंवा तोंडाने घेणे अशक्य अशा वेळी शिरेतून द्यावे लागते. त्याआधी रुग्णाला लघवी होते आहे याची खात्री करावी. कोरड्या पडलेल्या रुग्णाला आधी नॉर्मल सलाईन द्यावे, लघवी सुरू होऊ द्यावी आणि मगच पोटॅशियम सुरू करावे.

पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलिलिटरची नेहमीची कुपी 15 टक्क्यांची असते आणि तिच्यात 20 एमईक्यू पोटॅशियम असते. ही कुपी सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत दिली, तर हृदय जागच्या जागी थांबते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका वॉर्डात डिस्टिल्ड वॉटरच्या आणि पोटॅशियमच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या होत्या आणि कॅन्युला धुण्यासाठी भरलेली सिरिंज एका ज्येष्ठ सिस्टरांनी लेबल वाचून ऐन वेळी हातातून काढून घेतली. तेव्हापासून या कुप्या वेगळ्या कपाटात, कुलपात आणि लाल पट्टी लावून ठेवाव्यात, असा माझा आग्रह असतो. मिसळताना दोघांनी लेबल वाचावे.

साध्या हातातल्या शिरेतून देताना 500 मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये एक कुपी, म्हणजे लिटरला 40 एमईक्यू, यापेक्षा दाट करू नये. द्रावण म्हणून डेक्स्ट्रोज वापरू नये. त्याचे कारण सुरुवातीलाच आले आहे. टांगलेल्या बाटलीत वरून किंवा खालून औषध टोचल्यास ते तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच दाट पोटॅशियम शिरेत जाते. त्यासाठी बाटली उतरवावी, नळी बंद करावी, औषध घालावे, बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट करावी आणि मगच टांगावी. बाटलीवर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची वेळ आणि सही असलेली पट्टी चिकटवावी.

वेग ताशी 10 एमईक्यूच्या वर नेऊ नये. वरची बाटली दोन तासांत संपवायची, तर ताशी 250 मिलिलिटर होतात. 20 थेंबांना एक मिलिलिटर देणाऱ्या साध्या सेटवर हे मिनिटाला साधारण 83 थेंब होतात. चार तासांत द्यायची असेल, तर सुमारे 42. इन्फ्युजन पंप नसेल, तर मी चार तासांचा वेग पसंत करतो, कारण हात हलला की थेंबांचा हिशेब बदलतो आणि रात्रपाळीला एकच परिचारिका असताना तो कोणाच्याही लक्षात येत नाही. वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णात पाण्याचाही विचार करावा लागतो. ताशी 20 एमईक्यूपर्यंतचा वेग केवळ सतत ईसीजी मॉनिटर असलेल्या अतिदक्षता विभागात, शक्यतो मोठ्या मध्यवर्ती शिरेतून वापरतात. तो प्रयोग खाटेशेजारी मॉनिटर नसलेल्या ठिकाणी करू नये.

शिरेत जळजळ होत असल्याचे रुग्णाने सांगितले, तर वेग कमी करावा किंवा मोठी शीर घ्यावी. औषध शिरेबाहेर पसरल्यास कातडी मरते, म्हणून "थोडं दुखणारच" असे म्हणून पुढे जाऊ नये. सुरुवातीला 40 एमईक्यू दिल्यानंतर, किंवा दोन ते चार तासांनी, रक्त दुसऱ्या हातातून पुन्हा तपासावे. ईसीजीत टी लहर उंच आणि टोकदार होऊ लागली, तर बाटली ताबडतोब बंद करावी. रुग्ण गिळू लागताच शिरेवाटेचे थांबवून सिरपवर यावे.

पोटॅशियम देऊनही वाढत नसेल तर

दोन-तीन दिवस व्यवस्थित पोटॅशियम देऊनही आकडा हलत नाही, तेव्हा मॅग्नेशियमकडे पाहावे. मॅग्नेशियम कमी असेपर्यंत मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही आणि आपण ओतलेले लघवीवाटे निघून जाते. पाण्याच्या गोळ्या, दारू, दीर्घ जुलाब आणि वर्षानुवर्षे घेतलेली "गॅसची गोळी" ही त्याची कारणे. मॅग्नेशियमची तपासणी मिळत नसेल आणि यांतले कारण स्पष्ट असेल, तर वरिष्ठांशी बोलून उपचार सुरू करावा. औषध शोधायला लांब जावे लागत नाही. प्रसूतिकक्षात फिट्ससाठी ठेवलेले मॅग्नेशियम सल्फेट तेच. मूत्रपिंड चांगले असल्यास 50 टक्क्यांच्या द्रावणाचे 4 मिलिलिटर, म्हणजे 2 ग्रॅम, 100 मिलिलिटर सलाईनमध्ये घालून तासाभरात देतात. प्रसूतिकक्षात आपण गुडघ्याचे झटके पाहून मॅग्नेशियम जास्त झाले का हे ठरवतो. येथे झटके आधीच मंद असल्याने तो पुरावा चालत नाही, म्हणून श्वासाची गती आणि लघवी यांच्यावर लक्ष ठेवावे.

"लपलेले" पोटॅशियम आणि इतर अडचणीचे रुग्ण

विशी ते चाळिशीतला धडधाकट पुरुष लग्नाच्या पंगतीत किंवा जत्रेत पोटभर गोडधोड जेवून झोपतो आणि पहाटे त्याला पाय उचलता येत नाहीत, पोटॅशियम 2.0 निघते. जुलाब नाहीत, गोळ्या नाहीत. हा नियतकालिक पक्षाघात असू शकतो, आणि आपल्या भागातल्या पुरुषांत अशा वेळी थायरॉईड वाढलेले आहे का हे अवश्य पाहावे: नाडी जलद, हात थरथरणारे, वजन उतरलेले. येथे पोटॅशियम लपलेले असते. म्हणून शक्यतो तोंडाने, 20 ते 40 एमईक्यूच्या मात्रांत, मधे मधे रक्त तपासून द्यावे आणि साधारणपणे 24 तासांत 90 एमईक्यूच्या आत राहावे. ताकद परतू लागली की हात आखडता घ्यावा.

मधुमेहाच्या कीटोअॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होते तेव्हा) पोटॅशियम 3.5 पेक्षा कमी असेल, तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम भरावे. साखर 500 दिसत असताना इन्सुलिन रोखून धरणे अवघड वाटते, पण ते रोखलेच पाहिजे. अॅसिडोसिस आणि कमी पोटॅशियम एकत्र असलेल्या कोणत्याही रुग्णात बायकार्बोनेट देण्याची घाई करू नये, कारण तेही पोटॅशियमला पेशींत ढकलते.

पक्षाघाताचे झटके वारंवार येत असतील, मुतखडे असतील, किंवा एखाद्या बाईला तोंड-डोळे कोरडे पडण्याची तक्रार असेल, तर मूत्रपिंडाच्या नलिकांचा अॅसिडोसिस शोधावा. तेथे पोटॅशियम सायट्रेट उपयोगी पडते. रक्तदाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात नाही आणि पोटॅशियम कमी आहे, अशा रुग्णाची अॅल्डोस्टेरॉन या संप्रेरकासाठी तपासणी व्हावी. कारण सापडत नसेल, तर लघवीतले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकाच नमुन्यात मोजावे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 13 एमईक्यूपेक्षा जास्त पोटॅशियम जात असेल, तर गळती मूत्रपिंडातून आहे. त्याहून कमी असेल, तर ती आतड्यातून तरी आहे किंवा पोटॅशियम लपलेले आहे.

पुढे पाठवताना आणि घरी सोडताना

श्वास कमी पडणारा, ठोके अनियमित असलेला, 2.5 च्या खाली असून मॉनिटर उपलब्ध नसलेला, किंवा क्रिएटिनिन वाढलेले असूनही पोटॅशियम कमी असलेला रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवावा. खानापुरातून बेळगाव जवळ पडते. निपाणीकरांना कोल्हापूर अधिक जवळ असते आणि नातेवाईक तेच सुचवतात. कोठेही पाठवले तरी आधी फोन करून खाट आणि व्हेंटिलेटर आहे का हे विचारावे. 108 च्या गाडीत पोटॅशियमची बाटली पंपाशिवाय चालू ठेवून पाठवू नये, कारण रस्त्यावरच्या हादऱ्यांत थेंबांवर कोणाचे नियंत्रण राहत नाही. पंप नसेल तर साधे सलाईन चालू ठेवावे आणि पोटॅशियम पोहोचल्यावर पुन्हा सुरू होऊ द्यावे. चिठ्ठीवर पहिला आणि शेवटचा पोटॅशियमचा आकडा, आतापर्यंत दिलेले एकूण एमईक्यू, शेवटची बाटली बंद केल्याची वेळ आणि लघवीचे प्रमाण लिहावे. ईसीजीचा कागद सोबत जोडावा. चिठ्ठी कोणत्याही भाषेत असली तरी तो वाचता येतो.

घरी जाणाऱ्या रुग्णात कारण असलेले औषध बदलले किंवा कमी केले नाही, तर तो महिन्याभरात परत येतो. पाण्याची गोळी टाळता येत नसेल, तर स्पायरोनोलॅक्टोन जोडण्याचा विचार वरिष्ठ करतील. मात्र टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि सिरप ही तिन्ही एकाच वेळी, त्यातही मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला, लिहून सोडून देणे म्हणजे उलट्या बाजूच्या संकटाला बोलावणे होय. सिरप किती दिवस घ्यायचे ते चिठ्ठीवर तारखेनिशी लिहावे. "डॉक्टरांनी दिलेलं ताकदीचं औषध" म्हणून तेच सिरप चार-सहा महिने औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. एकीचे पोटॅशियम 6.8 निघाले होते. म्हणून पुढच्या रक्ततपासणीची तारीख, साधारण आठवड्याभरातली, घरातल्या मोबाइल वापरणाऱ्या माणसाला सांगावी आणि आशाताईंच्या वहीतही नोंदवावी.